पीएलसीची जोडणी : एनओ आणि एनसी

नेरचा परिसर कापसाचा. आयटीआय करून जिनिंगमध्ये कामाला लागणाऱ्याची पीएलसीशी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या नियंत्रकाशी, गाठ पडू शकते. तेथे जोडणी चुकली तर कामगाराचा हात जाऊ शकतो.

रिलेच्या संपर्काला तीन टोके असतात : कॉमन, एनओ व एनसी. कॉइलला वीज नसताना कॉमन व एनओ तुटलेले, तर कॉमन व एनसी जुळलेले असतात. वीज मिळताच उलट होते.

मोटारीच्या कॉन्टॅक्टरची कॉइल एनओवर जोडावी. पीएलसी बंद पडला की मोटार थांबते. एनसीवर जोडल्यास त्याच क्षणी मोटार सुरू होईल! धोक्याची घंटा मात्र एनसीवर, स्वतंत्र पुरवठ्यावर असावी. सारे ठीक असेपर्यंत पीएलसी तो रिले ओढून धरतो. पीएलसी बंद पडताच घंटा वाजते. प्रोग्रॅममध्ये नुसता उलटा संपर्क काढून हे साधत नाही, कारण बंद पीएलसीत प्रोग्रॅम चालतच नाही.

स्टॉप बटण एनसी घ्यावे, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. बटण दाबलेले नसताना त्याचे इनपुट चालू असते. म्हणून लॅडरमध्ये त्याचा संपर्क एनओ काढावा. नवशिके येथेच चुकतात.

आणीबाणीचे बटण मात्र केवळ प्रोग्रॅमवर सोपवू नये. ते कॉइलच्या तारेतच घालावे.

प्रत्येक जोडणीआधी स्वतःला विचारा : तार तुटली, वीज गेली, तर काय होईल?