आजींनी लुगडे परत केले

विधानसभेची निवडणूक जवळ आली होती. आमच्या रात्रीच्या वर्गात एका आजींनी विचारले, "गुरुजी, एकानं लुगडं दिलंय. मत दुसऱ्याला दिलं, तर त्याला कळंल का हो?"

आम्ही म्हणालो, "नाही कळणार, आजी. मत गुप्त असते. यंत्राचे बटण दाबले की शेजारच्या पेटीत काचेआड चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचे नाव व चिन्ह असते. तुमचे नाव नसते. ७ सेकंदांनी चिठ्ठी पेटीत पडते. पण मतासाठी लुगडे देणे गुन्हा आहे, आणि घेणेही गुन्हाच."

आजी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडे परत केले. म्हणाल्या, "आता चिठ्ठीवरचं नाव मी वाचीन."

मंडळी, १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हापासून सावकाराचे मत एक आणि मजुराचेही एकच. ते विकू नका. जातीचा आहे, पाव्हणा आहे, एवढ्यावरही देऊ नका.

आता तुम्हाला अक्षर आले आहे. मतदार यादीत आपले नाव आधीच वाचून पाहा. उमेदवार दारी आला, तर पाणी द्या आणि विचारा, "उन्हाळ्यात गावाला टँकर का लागतो? तुम्ही काय करणार?" दोघातिघांची उत्तरे ऐका. घरात बोला. मग आपल्या मनाने ठरवा.

आणि निकाल काहीही लागो, शेजाऱ्याशी वैर धरू नका. विहीर दोघांची एकच आहे.