लहान व्यापारी ई-व्यापाराकडे का वळतो?

नवी सोय उपलब्ध झाली म्हणजे सर्व लोक ती तत्काळ स्वीकारतात असे नाही. इंटरनेटच्या द्वारे होणाऱ्या खरेदी-विक्रीस, म्हणजेच ई-व्यापारास, हाच नियम लागू पडतो. मोठ्या कंपनीला फसलेला प्रयोग सोसता येतो. विकसनशील देशांतील लहान व्यापाऱ्याचे भांडवल मात्र बहुधा घरच्या पुंजीतून आलेले असते. ते बुडाल्यास त्याची झळ थेट चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून त्याच्या सावधपणास अज्ञान समजणे योग्य नव्हे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या कल्पनांच्या प्रसारावरील आपला ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. नवी गोष्ट स्वीकारताना माणूस मुख्यतः पाच बाबी पाहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे: जुन्या पद्धतीहून अधिक लाभ, आपल्या रीतीशी मेळ, समजण्यातील सुलभता, थोड्या प्रमाणावर करून पाहण्याची सोय आणि इतरांना आलेले दृश्य फळ.

चीनच्या ज्यांगसू प्रांतातील दोंगफेंग या खेड्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. टाकाऊ प्लॅस्टिकवर प्रक्रिया करणे हा तेथील एक धंदा होता. २००६ मध्ये गावातील एका तरुणाने ताओबाओ या ई-बाजारात दुकान उघडले आणि पुढे सुटे भाग जोडून उभे करावयाचे साधे लाकडी फर्निचर तो विकू लागला. ताओबाओवर माल मांडण्यास शुल्क नव्हते. त्यामुळे थोडक्या खर्चात प्रयोग करणे शक्य झाले. परंतु अनोळखी गिऱ्हाइकाशी व्यवहार करावयाचा कसा? ही अडचण अलीपे या व्यवस्थेने दूर केली. गिऱ्हाइकाने भरलेली रक्कम मध्यस्थाकडे राही आणि माल पोहोचल्याची खात्री पटल्यावरच ती विक्रेत्यास मिळे. उभय पक्ष निर्धास्त झाले.

शेजाऱ्याची भरभराट डोळ्यांसमोर दिसताच इतरांनीही तोच मार्ग धरला. जे काम व्याख्यानांनी झाले नसते, ते प्रत्यक्ष उदाहरणाने झाले. मात्र सर्वजण एकच माल विकू लागले म्हणजे चढाओढ वाढते, किमती उतरतात आणि नफा घटतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तात्पर्य, लहान व्यापाऱ्यास केवळ यंत्र पुरविणे पुरेसे नाही. पैसे सुरक्षित मिळण्याची हमी, माल वेळेवर पोहोचविणारी वाहतूक आणि अल्प खर्चात प्रयोग करण्याची संधी या तीन गोष्टी लाभल्या, तर निर्णय तो स्वतःच घेतो.