रुग्णाच्या उशाशीं प्रार्थना

गेल्या पावसाळ्यांत शास्त्राच्या तासाला नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न केला. त्याच्या घरीं आजी पुष्कळ दिवस अंथरुणास खिळलेली होती, आणि घरांतील कोणी वडील माणूस कांहीं बोलून गेलें असावें. तो म्हणाला, "गुरुजी, प्रार्थनाही करावयाची आणि गोळ्याही द्यावयाच्या, म्हणजे देवावर आमचा अर्धाच विश्वास आहे असें होतें काय?" इतक्यांत घंटा झाली. आम्हीं दोन शब्द सांगून त्यास पाठविलें. परंतु तें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. म्हणून येथें जरा सविस्तर लिहीत आहों. पालकांनींही हें वाचावें अशी विनंती आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. २ राजे या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत हिज्कीया राजाच्या दुखण्याची हकीकत आहे. राजा मरणोन्मुख झाला होता. त्यानें भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली व तो फार रडला. यशया संदेष्टा वाड्याबाहेर पडला नाहीं तोंच परत फिरून त्यानें देवाचें वचन सांगितलें कीं, राजाच्या आयुष्यांत पंधरा वर्षांची भर पडेल. यापुढें जें घडलें त्याकडे वाचकांचें सहसा लक्ष जात नाहीं. वचन मिळालें, आणि लगेच यशयानें अंजिरांची चांदी आणवून, म्हणजे आपण ज्यास पोटीस म्हणतों तें, राजाच्या गळवावर बांधविलें. ज्याच्या मुखांतून वचन निघालें त्याच्याच मुखांतून औषधही निघालें. यांत कांहीं विसंगति आहे असें त्या संदेष्ट्यास वाटलें नाहीं.

पौलाच्या सोबत्यांकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख वैद्य म्हणूनच प्रेमानें करतो. तीमथ्यास पोटाची तक्रार होती. त्याला पौलानें थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. एपफ्रदीत मरणास टेंकून बरा झाला. त्रफिमाला मात्र पौलानें मिलेत येथें आजारी असतांच मागें ठेविलें. या एका वाक्यानें आम्हांस अनेक वेळां धीर दिला आहे. एवढा मोठा प्रेषित. परंतु आपला सोबती बरा झाला नाहीं, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं, आणि त्रफिमाच्या विश्वासांत उणें होतें असेंही कोठें म्हटलें नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. ती सांगतांना आम्हांस लाज वाटते. परंतु ती न सांगतां हा धडा पुरा व्हावयाचा नाहीं. सन २००९ मध्यें आमच्या वडील बंधूंस क्षय झाला. त्या काळीं एक दिवसाआड दवाखान्यांत जाऊन परिचारिकेच्या डोळ्यांदेखत गोळ्या घ्याव्या लागत. दोन महिन्यांत दादांचा ताप गेला, खोकला थांबला, भाकरी गोड लागूं लागली. आई तर आनंदानें रडली. आम्हीं पाळकसाहेबांना व शेजाऱ्यांना बोलावून घरीं उपकारस्तुतीची प्रार्थना ठेविली. तींत मुख्य प्रार्थना आम्हींच केली. देवानें पूर्ण बरें केलें असें आम्ही मोठ्या आवाजानें बोललों. दुसऱ्या आठवड्यांत दादा म्हणाले, "आतां गोळ्या घेणें म्हणजे काल केलेल्या प्रार्थनेला खोटें पाडणें." आम्ही पदवीधर, शाळेंत शिकविणारे, पण आमच्या तोंडून 'नको' हा शब्द निघाला नाहीं. परिचारिका दोनदां घरीं विचारावयास आली. दोन्ही वेळां आम्हींच दारांत उभे राहून तिला परत लाविलें.

क्षयाचे जंतु कसे असतात हें विज्ञानाच्या पुस्तकांत मुलांनीं वाचलें असेल. सन १८८२ मध्यें रॉबर्ट कॉख यानें ते शोधून काढले. औषधानें बहुतेक जंतु पहिल्या कांहीं आठवड्यांतच मरतात, म्हणून रुग्णास बरें वाटूं लागतें. परंतु थोडे जंतु निपचित पडून राहतात. त्यांच्यासाठींच साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालवावे लागतात. मध्येंच औषध सोडलें तर उरलेले पुन्हां वाढतात, आणि कित्येकदां त्याच औषधाला दाद देईनासे होतात. दादांचें तसेंच झालें. दिवाळीनंतर थुंकीतून रक्त पडलें. मग आठ महिन्यांचे उपचार, आणि त्यांतील पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया. सुदैवानें जंतु औषधाला दाद देत होते.

त्या आठ महिन्यांत मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आम्हीं किती वेळां वाचला असेल तें सांगतां येत नाहीं. चौघे जण एका पक्षघाती मनुष्याला उचलून कफर्णहूम येथील घराकडे आणतात. गर्दीमुळें दारांतून जातां येत नाहीं, म्हणून छप्पर उकरून त्याला खालीं सोडतात. प्रभूनें पाहिला तो त्यांचा विश्वास, असें तेथें लिहिलें आहे. रुग्ण स्वतः कांहीं बोलल्याचें लिहिलेलें नाहीं. अंथरुणावर पडलेल्या माणसाला कधीं कधीं प्रार्थना करवत नाहीं. ती शक्ति त्याच्यांत नसते. अशा वेळीं त्याचा विश्वास इतरांनीं खांद्यावर घ्यावयाचा असतो. आणि त्या चौघांचा विश्वास दिसला कशांत? हातांत, दोरींत, उकरलेल्या मातींत. (त्या घराचें छप्पर मागाहून कोणीं नीट केलें हें शुभवर्तमानांत नाहीं; बहुधा तेंही त्याच चौघांच्या माथीं आलें असावें!) आम्हीं मात्र प्रार्थना म्हटली आणि खाट खालीं ठेविली.

घरांत रुग्ण ठेवण्याची भीति पुष्कळांना वाटते. या बाबतींत मद्रास येथें सन १९५६ मध्यें सुरू झालेला एक प्रयोग माहीत असावा. १९३ रुग्णांपैकीं कांहींना आरोग्यधामांत ठेविलें. कांहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरींच औषधें दिलीं. सन १९५९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरचे रुग्णही जवळ जवळ तितकेच बरे झाले, आणि त्यामुळें घरच्या मंडळींना अधिक लागण झाली असेंही दिसलें नाहीं. औषध नियमित हवें, एवढीच अट. ती पाळावयाची तर कोणी तरी रोज आठवण ठेविली पाहिजे, आणि हें काम दहा वर्षांच्या मुलालाही करतां येतें. आमच्या घरीं तें पुतणीनें केलें. दिनदर्शिकेवर ती रोज एक फुली मारी, आणि फुली मारल्याखेरीज दादांना संध्याकाळच्या प्रार्थनेला बसूं देत नसे.

परंतु औषधही केलें, प्रार्थनाही केली, आणि तरीही माणूस गेलें, तर? हा प्रश्न टाळणें बरें नव्हे. पंडिता रमाबाईंनीं आईबाप व बहीण दुष्काळांत गमाविलीं, सन १८८० मध्यें भाऊ, सन १८८२ मध्यें पटकीनें पति. एकुलती एक कन्या मनोरमा हीच मुक्तिसदनाचा भार पुढें वाहील अशी आशा होती. ती २४ जुलै १९२१ रोजीं चाळीस वर्षांची होऊन वारली. केडगांवास त्या वेळीं प्रार्थनेची वाण होती असें कोण म्हणेल? रमाबाई पुढें साडेआठ महिनेच जगल्या. तेवढ्या काळांतही इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठींत शास्त्र आणण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. आपल्या नाशकाजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचेंही तसेंच. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले. त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

शुश्रूषा करणाराही थकतो. रात्रीं तिसऱ्यांदा हांक आली कीं मनांत रागही येतो, आणि मग त्या रागाची लाज वाटते. मुलांनो, तुमची आई अशा दिवसांत विनाकारण ओरडली तर तिला उलट बोलूं नका; तिच्या हातचें भांडें घ्या. आणि पालकांनीं आपला राग देवापुढें जसा आहे तसा मांडावा. दावीदानें आजारी लेकरासाठीं सात दिवस जमिनीवर पडून उपास केला. त्या सात दिवसांत तो काय काय बोलला असेल तें शास्त्रानें झांकून ठेविलें आहे.

दादांचा शेवटचा तपास सन २०१० च्या पावसाळ्यांत झाला. थुंकी स्वच्छ निघाली. त्या संध्याकाळीं आईनें पुन्हां उपकारस्तुति ठेविली, आणि आम्ही संवयीप्रमाणें उठून उभे राहिलों. दादांनीं आमचा हात धरून आम्हांस खालीं बसविलें. प्रार्थना त्यांनीं स्वतः केली. तींत प्रथम त्या परिचारिकेचें नांव घेतलें, मग दवाखान्यांत बांकावर त्यांच्या शेजारीं बसत त्या तिघांचीं नांवें. आणि पुतणीनें डोळे न मिटतां भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून त्यांच्या मांडीवर ठेविली.