पहिलीच्या मुलाचा पहिला गुरू

धर्मशिक्षण पाठ
वाचन : अनुवाद ६:४-९, लूक २:४१-५२



मे महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक जोडपे आम्हाला भेटायला थांबले. वडील साखर कारखान्यात पाळीवर काम करतात, आई मिरजेतल्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. मुलगा सहा वर्षांचा. नोकरीसाठी हे कुटुंब नगर भागातून इकडे आले. गावात शाळा आहे, पण अख्ख्या शाळेत ख्रिस्ती मूल हे एकटेच. चर्चला यायचे तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. मुलगा श्रद्धेत वाढणार कसा, ही आईवडिलांची काळजी. त्यांनी इंटरनेटवर चालणारा एक ख्रिस्ती पहिलीचा वर्ग शोधून काढला होता. शिकवणाऱ्या बाई अमेरिकेत, मूल आपल्या घरी. वाचन, गणित आणि बायबलमधल्या गोष्टी, सारे पडद्यावर. त्यांनी विचारले, "फादर, शाळेत नाव न घालता मुलाला घरीच या वर्गाला बसवले तर चालेल का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी कारखान्यावर, कोणी दवाखान्यात, कोणी बँकेत. हा प्रश्न त्या एकाच घराचा नाही. म्हणून आजच्या पाठात आपण त्याचा शांतपणे विचार करू या.

१. पहिला हक्क आईवडिलांचा

मोशे इस्राएल लोकांना सांगतो की परमेश्वराच्या आज्ञा मुलांच्या मनावर ठसवा. केव्हा? घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चार वेळा नीट पाहा. यांतली एकही वर्गातली नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो, असे संत लूक लिहितो. त्या दिवसापूर्वीची बरीच वर्षे नाझरेथच्या घरात, मरिया आणि योसेफ यांच्या सहवासात गेली होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९८३च्या धर्मसभेच्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे (नियम ७९८). कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत मुलांना घालणे शक्य नसेल, तर शाळेबाहेर त्यांना ते मिळेल याची काळजी पालकांनी घ्यावी. तेव्हा त्या जोडप्याने काही वावगे विचारले नव्हते. ते आपले कर्तव्यच शोधत होते.

देशाच्या कायद्याचेही पाहू. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम १० सांगते. घरशाळेची वेगळी तरतूद या कायद्यात नाही. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची वाट आहे. पण मुलाचा दाखला, पुढचा प्रवेश आणि परीक्षा यांची सारी जबाबदारी पालकांवर येते. ज्यांना हा मार्ग घ्यायचा असेल त्यांनी आधी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नीट चौकशी करावी. परदेशातल्या वर्गाच्या प्रमाणपत्राने हे काम आपोआप होत नाही.

२. घरी शिकलेल्या दोघी

घरी शिकून माणूस मोठा होत नाही, असे कोणी म्हणू नये. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवले. दिवसभर घरच्या कामाचा रगाडा असे, म्हणून ही आई पहाटे लेकीला उठवून पाठ देई. त्या पहाटेच्या पाठांवर रमाबाई इतक्या विद्वान झाल्या की १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना मानाच्या पदव्या दिल्या.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले यांचेही तसेच. १८३१ साली जन्मलेल्या या मुलीला लग्नानंतर जोतीरावांनी घरीच अक्षरओळख करून दिली.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. दोघींनाही शिकवणारे माणूस त्यांच्या शेजारी बसलेले होते. आणि दोघीही घरात थांबल्या नाहीत. सावित्रीबाई १८४८पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. घरात लावलेला दिवा त्यांनी दाराबाहेर नेऊन ठेवला.

३. शब्द आणि वस्तू

इसवी सन ३८९च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी 'गुरूविषयी' हा संवाद लिहिला. संवाद आहे बापलेकांचा. मुलाचे नाव अदेओदातुस, वय सोळा. पुढे लवकरच हा मुलगा वारला. त्यात बाप मुलाला एक साधा प्रश्न विचारतो. शब्दांनी खरोखर काही शिकता येते का? त्याचे उत्तर असे की शब्द ही केवळ खूण आहे. ज्याने वस्तू पाहिलीच नाही, त्याला नुसता शब्द ऐकून ती कळत नाही. बाहेरचा शिक्षक खूण करतो. सत्याची ओळख पटवतो तो अंतरातला गुरू, म्हणजे ख्रिस्त.

हे तत्त्वज्ञान अवघड वाटले तर तासगावच्या बागेत चला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि आपल्याला फांद्या म्हणतो. अमेरिकेतल्या बाई पडद्यावर वेलीचे सुंदर चित्र दाखवतील, मूल 'वाइन' हा शब्द पाठही करील. पण आपल्या भागात वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्या दिवसांत बापाने मुलाला बागेच्या बांधावर उभे करावे. छाटलेली काडी त्याच्या हातात द्यावी. काही दिवसांनी तीच काडी पुन्हा दाखवावी. ती वाळलेली असेल आणि वेलीवर मात्र नवे डोळे फुगत असतील. वेलीपासून तुटलेली फांदी म्हणजे काय, हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याच विषयावर लिहिताना शिक्षकाला वैद्याची उपमा दिली. वैद्य बरेपण बाहेरून आणून ओतत नाही, शरीरातल्या शक्तीला हात देतो. शिक्षकही ज्ञान ओतत नाही; मुलाच्या बुद्धीला हात देतो. हात द्यायचा तर जवळ असावे लागते.

४. पडद्याला काय जमते

पडद्याला आम्ही शत्रू मानत नाही. मार्च २०२०मध्ये शाळा आणि चर्च बंद झाले तेव्हा आम्हीही मोबाइलवर धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. मोठी मुले टिकली. लहानांचे मात्र आमच्याने जमले नाही. आम्ही दहा आज्ञा समजावत होतो आणि पहिलीतली एक चिमुरडी पडद्यावर आपलेच तोंड पाहून वेण्या सारख्या करत होती. दोष तिचा नव्हता. जुलै २०२०मध्ये राज्य सरकारने ऑनलाइन वर्गांची वेळ ठरवून दिली, तेव्हा पहिली-दुसरीसाठी दिवसाला तीस मिनिटांची दोनच सत्रे ठेवली. प्रत्येक सत्रातली पंधरा मिनिटे पालकांशी बोलण्यासाठी होती. सहा वर्षांच्या मुलाचा वर्ग शेजारच्या मोठ्या माणसावाचून चालत नाही, हे तिथेही मानलेले होते.

परदेशी वर्गाच्या आणखी काही अडचणी आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे मूल दमलेले, आणि घरातल्या रोजरीची वेळही तीच. दुसरे असे की 'ख्रिस्ती' म्हणून मिळणारे पुष्कळ अभ्यासक्रम प्रॉटेस्टंट संस्थांचे असतात. त्या बंधूंविषयी आमच्या मनात आदर आहे. मिरजेत १८९४मध्ये डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयाचे ऋण या भागातले कोण विसरेल? पण पवित्र मरिया, संतगण आणि ख्रिस्तशरीर संस्कार यांविषयीची आपली श्रद्धा त्या पुस्तकांत मुलाला सापडेलच असे नाही. तिसरे म्हणजे भाषा. आजीशी मराठीत बोलणाऱ्या मुलाने देवाशी मात्र इंग्रजीत बोलावे, हे काही बरे नव्हे.

धर्मसभेने २००२ साली इंटरनेटविषयी एक पत्रक काढले. या साधनाचे स्वागत करतानाच त्यात बजावले आहे की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत आणि एकत्र जमलेल्या भाविकांची जागा पडदा घेऊ शकत नाही.

५. एकटेपणाचे भय

त्या आईने एक वाक्य बोलून दाखवले. "फादर, शाळेत तो एकटा पडेल." हे भय खरे आहे. पण घरी पडद्यासमोर बसलेले मूल जास्त एकटे पडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. मुले उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. सोबत जेवलेली मुले एकमेकांना परकी मानत नाहीत, हा धडा या मातीने देशाला दिला. आपल्या मुलाने तो का चुकवावा? शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा पाळायला आधी शेजारी तर हवा.

६. मग आम्ही काय सांगितले

आम्ही त्यांना विचारले, "वर्ग चालू असताना मुलाजवळ कोण बसणार?" दोघे एकमेकांकडे पाहू लागले. वडील म्हणाले, "आमच्या दोघांच्या ड्युट्या असतात. आजी असते घरी. पण तिला लिहिता-वाचता येत नाही. आणि फादर, खरे सांगू का, आम्हालाच नीट माहीत नाही, आम्ही काय शिकवणार?"

खरी अडचण तिथे होती. नाव घरशाळेचे, पण घरातले कोणीच शिकवणार नव्हते.

आम्ही आजींची चौकशी केली. त्या नगरकडच्या एका खेड्यात वाढलेल्या. तिकडे मिशनचे मास्तर असत. दिवसा मुलांना बाराखडी शिकवत आणि संध्याकाळी साऱ्या गावाकडून प्रार्थना म्हणवून घेत. फादर डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेले 'निरोप्या' मासिक आले की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. आजींना रोजरीची सगळी रहस्ये, प्रेषितांचा विश्वासांगिकार आणि उधळ्या पुत्राची गोष्ट तोंडपाठ आहे. संत पौल तीमथ्याला लिहितो की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता (२ तीमथ्य १:५). ज्या गुरूसाठी हे जोडपे अमेरिकेपर्यंत शोध घेत होते, त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेल्या होत्या.

म्हणून आम्ही एवढेच सांगितले. मुलाला गावच्या शाळेत घाला. रोज संध्याकाळी वीस मिनिटे आजीपाशी बसवा, आणि ज्याची पाळी नसेल त्याने सोबत बसावे. ऑनलाइन पाठ आवडला तर आठवड्यातून एकदा, आधी स्वतः पाहून, मुलाबरोबर बसून पाहा. महिन्यातून एक रविवार काही झाले तरी चर्चला या. मुलाला दुसरी ख्रिस्ती मुले दिसू द्या. मूल फार आजारी असेल किंवा जवळ शाळाच नसेल, अशा घरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी आम्हाला येऊन भेटावे.

शेवटी आमचीही चूक कबूल करतो. दोन बस बदलून ते आमच्याकडे आले; आम्ही त्यांच्याकडे कधी गेलो होतो? विखुरलेल्या कुटुंबांना पडदा शोधावा लागतो तो आम्ही पोचलो नाही म्हणून. यापुढे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही अशा एका घरी जाऊन मुलांचा वर्ग घेऊ. आसपासच्या दोन-तीन कुटुंबांनी तिथे एकत्र यावे. आपल्या घरी बोलवायचे असेल तर मिस्सेनंतर नाव सांगावे.

चिंतनासाठी

१. गेल्या आठवड्यात आपण आपल्या मुलाला देवाविषयी स्वतःच्या तोंडाने काय सांगितले?
२. आपल्या घरात लोईससारखे कोण आहे? आपण तिला शिकवण्याची संधी देतो का?
३. मुलाच्या वर्गातली किती मुले आपल्या घरी येऊन जेवली आहेत?

या आठवड्यात करावयाचे : एका संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून शुभवर्तमानातली एक गोष्ट मुलाला सांगा. नंतर तीच गोष्ट त्याला आजीला सांगायला लावा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू मरिया आणि योसेफ यांच्याजवळ वाढलास. दूरदूरच्या गावांत राहणाऱ्या आमच्या लेकरांना सोबत दे. आईवडिलांना शिकवण्याचे धैर्य दे आणि आम्हा मेंढपाळांना त्यांच्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ दे. आमेन.