बारदाना आणि पदविका

दरसाल निकाल लागून प्रवेशांची धांदल सुरू झाली, की परभणी जिल्ह्यातून, विशेषतः जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावांतून पालकांच्या ज्या पृच्छा माझ्याकडे येतात, त्यांत अलीकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: मुलगा वाणिज्याचा अथवा कृषीचा पदवीधर झाला, समृद्धी महामार्ग पुरा झाला, जालन्याला ड्राय पोर्ट होत आहे, जिकडेतिकडे गोदामे उठत आहेत, तेव्हा त्याला 'सप्लाय चेन'मध्ये एमबीए करू द्यावे ना, आणि त्यापायी दोन एकर जमीन विकावी लागली तर हरकत नाही ना? हरकत आहे, आणि ती मी संकोच न करता नोंदवतो.

ही हरकत विषयाला मात्र नाही. पुरवठा साखळीचे व्यवस्थापन म्हणजे ट्रकचा धंदा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी 2024 सालच्या सोयाबीनच्या हंगामाचे स्मरण करावे. क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर झालेला, माल घरात येऊन पडलेला, सरकारी खरेदीचा हुकूम सुटलेला. असे असता प्रथम ओलाव्याची 12 टक्क्यांची अट आडवी आली, ती नोव्हेंबरात 15 टक्क्यांपर्यंत शिथिल झाली, आणि पुढे राज्यात ठिकठिकाणी, मराठवाड्यातही, बारदाना शिल्लक नाही एवढ्याच कारणाने काटे थांबले. तागाची ही पोती मुख्यत्वे बंगालात, हुगळीच्या काठच्या गिरण्यांत तयार होतात. त्यांची मागणी किती महिने आधी नोंदवावी, पिकाचा अदमास कोणी बांधावा, ताग न मिळाल्यास दुसरी पिशवी चालवून घेण्याचा अखत्यार कोणाकडे असावा, हे प्रश्न म्हणजेच हा विषय. टंचाईच्या धास्तीने प्रत्येक केंद्र गरजेहून अधिक मागू लागले, की तीच मागणी गिरणीपर्यंत पोहोचेतो कशी भलतीच फुगते, याची मीमांसा अमेरिकेतील एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1961 सालीच केली होती. विषय असा गणिती आणि गहन आहे.

तो शिकण्यासाठी ज्याला कॅटमध्ये उत्तम गुण मिळून पवईच्या संस्थेत, म्हणजे 1963 साली स्थापन झालेल्या आणि 2023 पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्वीच्या नीटीत, प्रवेश मिळतो, त्याने खुशाल जावे. शैक्षणिक कर्जाची सोय आहे, माझ्या सल्ल्याची त्याला गरज नाही.

प्रश्न उरतो तो त्या खासगी संस्थांचा, ज्यांच्या माहितीपत्रकावर कंटेनरचे रंगीत चित्र असते आणि अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा जेमतेम परिचय. तेथे शुल्क भरण्यापूर्वी मागील तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्याचा हुद्दा आणि दरमहा वेतन यांचा लेखी तपशील मागावा. सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा सांगून बोळवण होऊ लागली, तर निरोप घ्यावा. दोन वर्षे आणि दोन एकर खर्चून अखेर भिवंडीच्या एखाद्या गोदामात जी देखरेखीची नोकरी पत्करावी लागते, ती पुष्कळदा साध्या पदवीधरालाही मिळते.

मला सुचवायचे आहे ते याहून नीरस वाटेल: आधी धान्याच्या गोदामात दोन हंगाम काढावेत. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे; बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन अथवा तूर ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांच्या मुदतीने, सहा टक्के व्याजाने मिळते. हे कागदावर सोपे आहे. परंतु थप्पी कशी लावावी, धुरी केव्हा द्यावी, ओलावा उतरून आलेली तूट आणि चोरीची तूट वेगळी कशी ओळखावी, हे जाणणारा माणूस नसेल तर तारण नासते आणि कर्ज तेवढे राहते. हे काम शिकण्याची दुसरी जागा म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. 2002 च्या दुरुस्तीने तिला कंपनी कायद्यात स्थान मिळाले आणि 2020 च्या केंद्रीय योजनेने अशा दहा हजार संस्था उभारण्याचे ठरवून प्रत्येकीस तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत साह्य देऊ केले, ज्यात व्यवस्थापकाचा आणि हिशेबनिसाचा पगार धरलेला आहे. पगार बेताचाच, हे कबूल. पण खरेदी, प्रतवारी, साठा, वाहतूक आणि वसुली ही पाचही कामे एकाच माणसाच्या अंगावर पडतात, अशी जागा कोणतीही बडी कंपनी नवख्याला देणार नाही. आणि या अनुभवानंतर जो व्यवस्थापनाच्या वर्गात बसेल, त्याला प्राध्यापकांना विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

पालकांना हे रुचत नाही, कारण मुलगा गोदामात आहे असे सोयरिकीच्या बैठकीत सांगता येत नाही. ही लाज मुलाची नसून बापाची असते, आणि तिचे व्याज मात्र मुलगा फेडतो. अनेक मुले वडिलांच्या देखत मान डोलावतात आणि एकटी सापडली म्हणजे सांगतात, की हा विषय काय आहे तेच त्यांना ठाऊक नाही. अशा मुलावर जमीन विकण्याचे ओझे टाकणे हा त्याग नव्हे, जुलूम आहे.

सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास वाढू लागते. तोवर मुलाने सांख्यिकीचे पदवीचे पुस्तक पुन्हा उघडावे, एक्सेलवर साठ्याची नोंद ठेवण्याचा सराव करावा, आणि जिंतूरच्या बाजार समितीत अथवा जवळच्या उत्पादक कंपनीत कामासाठी स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा; वडिलांनी तो वाचून दुरुस्त करू नये.