कांचेच्या पेटींतील पाणी

आपल्या किनाऱ्यावरील गांवांतून, विशेषतः अलिबाग, पेण, मुरुड यांसारख्या ठिकाणीं, कांचेच्या पेटींत रंगीत मासे ठेवण्याची हौस आतां पुष्कळ घरीं दिसते. ज्या मुलाच्या घरीं बांगडा, बोंबील व मांदेली टोपलींतून येतात, त्यासहि दोन बोटें लांबीच्या सोनेरी माशाचें कौतुक वाटावें, हें साहजिक आहे. परंतु ही हौस बहुधा फार दिवस टिकत नाहीं. पेटी आणली, वाळू घातली, नळाचें पाणी भरलें, त्याच सायंकाळीं आठ-दहा मासे सोडले. आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच ते एकेक करून पाण्यावर उलटे तरंगूं लागले, असा प्रकार वारंवार घडतो. मग दुकानदारानें रोगट मासे दिले, कोणाची दृष्ट लागली, अन्न कमी पडलें, असे नाना तर्क निघतात. वस्तुतः त्या माशांस बहुधा रोग नसतो, आणि अन्न तर अधिकच झालेलें असतें. त्यांना मारतें तें पाणी. व तेंहि दिसावयास अगदीं स्वच्छ असलेलें पाणी. हें कसें घडतें व त्यास उपाय काय, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

मासा घरीं पाळणें ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटांत घराजवळ तळें राखून त्यांत जिताडा वाढविण्याची चाल जुनी आहे. खाडींतून जिताड्याचीं लहान पिलें आणावींत, हळूहळू गोड्या पाण्याची संवय लावून तळ्यांत सोडावींत, आणि मोठीं होऊं द्यावींत, एवढाच तो उद्योग. जिताडा जन्मतो खाऱ्या पाण्यांत, पण वाढतो दोन्ही पाण्यांत, म्हणून हें साधतें. या तळ्यास ना पंप, ना गाळणी, ना दिवा. तरी मासा जगतो, याचें कारण काय? पाणी पुष्कळ, मासे थोडे, पृष्ठभाग वाऱ्यास उघडा, आणि तळाशीं जुना चिखल. कांचेच्या पेटींत आपण यांतील प्रत्येक गोष्ट उलट करितों. पाणी थोडें, मासे दाट, वर झांकण, आणि तळाशीं घासून धुतलेली वाळू! तळ्यांत जें आपोआप होतें, तें पेटींत यंत्रानें व शिस्तीनें करावें लागतें.

युरोपांत या विषयाचा पाया रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें घातला. १८५० सालीं त्यानें एका भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे, एक पाणवनस्पति व कांहीं गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलतां तीं जगवून दाखविलीं. वनस्पति प्राणवायु देते, मासा कार्बन डायऑक्साइड वायु देतो, गोगलगाय कुजलेलीं पानें खाते. असा हा तोल आहे, असें त्याचें म्हणणें. तें खरें होतें, परंतु अर्धेंच खरें होतें. उरलेला अर्धा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचा होता, आणि त्यांपैकीं मुख्य जंतु विनोग्रॅड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें वेगळे काढून दाखविले ते १८९० च्या सुमारास. गंमत अशी कीं आजहि पुष्कळ हौशी लोक वॉरिंग्टनच्या अर्ध्या ज्ञानावरच थांबलेले असतात. हवेचे बुडबुडे निघाले म्हणजे सर्व कांहीं झालें, अशी त्यांची समजूत असते.

तर तो दुसरा अर्धा भाग असा. मासा आपल्या कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजली म्हणजे त्यांतूनहि अमोनियाच निघतो. हा माशास विष आहे. पाण्यांत एका जातीचे जंतु वाढतात, ते अमोनियाचें नायट्राइट करितात. परंतु नायट्राइट हेंहि विषच. तें रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट करितें, व रक्त तपकिरी होतें. मग दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि हें नायट्रेट थोड्या प्रमाणांत निरुपद्रवी असतें. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या जंतूचें नांव नायट्रोबॅक्टर असें असे. पेट्यांत मुख्यत्वें नायट्रोस्पायरा हे जंतु तें काम करितात, असें अलीकडील संशोधनावरून दिसून आलें आहे. शेतकऱ्याच्या मुलास हें सारें अपरिचित वाटूं नये. थळच्या कारखान्यांतला युरिया शेतांत पडला, कीं जमिनींत प्रथम त्याचा अमोनिया होतो, व जेथें हवा पोहोंचते त्या थरांत याच जातीचे जंतु त्याचें पुढें नायट्रेट करितात. पेटी म्हणजे एक लहानसें शेतच, फक्त त्यांत पीक नको असतें.

हे जंतु पाण्यांत मोकळे फारसे राहत नाहींत; वाळूचे कण, दगड व विशेषेंकरून गाळणींतील स्पंज यांना चिकटून राहतात. त्यांची वाढ मंद आहे. नव्या पेटींत त्यांची वस्ती पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशीं सोडलेले मासे पंधरा दिवसांत कां मरतात, याचें उत्तर येथें आहे; अमोनिया सांचत गेला, आणि त्याचा निकाल लावणारे अद्याप जन्मलेच नव्हते. म्हणून पेटी भरल्यावर मासे न सोडतां गाळणी चालूं ठेवावी, रोज चिमूटभर अन्न पाण्यांत टाकावें, आणि महिना-दीड महिना धीर धरावा. ज्याच्या घरीं जुनी व निरोगी पेटी आहे, अशा मित्राकडून त्याच्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा मागून आणिल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे, रंग पालटणारे द्रव बाजारांत मिळतात. दोन्हींचें प्रमाण शून्यावर आलें म्हणजे प्रथम दोन-तीनच मासे आणावे. गप्पी या कामास चांगला. आपल्या ओढ्यांतला पिकूहि सुंदर व काटक असतो, डांसांच्या अळ्या आवडीनें खातो. मात्र तो उड्या मारतो, म्हणून जाळीदार झांकण हवें.

आतां एक गोष्ट किनाऱ्यावरील मुलांसाठीं मुद्दाम सांगावयाची आहे. आपल्याकडे समुद्रावर गेलें कीं शंख-शिंपले गोळा करावयाचे, व ते पेटी सजविण्यास वाळूवर मांडावयाचे, हें ठरलेलें. शिंपला म्हणजे खडूच्याच जातीचा पदार्थ; त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकिला तर फेंस येतो. जांभ्या दगडाच्या प्रदेशांतलें विहिरीचें पाणी मऊ व किंचित् आम्ल असतें. त्यांत शिंपले हळूहळू विरघळतात, आणि पाणी अल्कधर्मी होत जातें. हें मोजण्याचें जें पी. एच. नांवाचें माप आहे, तें ७ वर उदासीन असतें, व त्याच्या वर अल्कता दाखवितें. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं राहतो. एक रूप जवळजवळ निरुपद्रवी, व दुसरें घातक. पाण्याची उष्णता २५ अंश सेंटिग्रेड असतां पी. एच. ७ वर घातक रूप शेंकडा सुमारें अर्धा भाग असतें, ८ वर शेंकडा पांचांहून अधिक, आणि ९ वर शेंकडा ३६ च्या आसपास. म्हणजे अमोनिया तेवढाच असतांहि केवळ शिंपल्यांच्या पायीं त्याचें विष नऊ-दहा पटींनीं वाढूं शकतें. तथापि शिंपला सर्वथा वर्ज्य असेंहि नाहीं. वर सांगितलेले जंतु काम करीत असतां पाण्यांत आम्ल उत्पन्न होतें. फार मऊ पाण्याच्या जुन्या पेटींत पी. एच. एकदम खालीं घसरतो, व तेथें मूठभर शिंपले औषधासारखे उपयोगी पडतात. प्रथम मोजावें, मग घालावें, हा क्रम न सोडला म्हणजे झालें.

पाणी कोठलें घ्यावें? ग्रामपंचायत विहिरींत जंतुनाशक पावडर टाकते व नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. दोन्ही आपल्या आरोग्यास आवश्यक, पण माशाच्या कल्ल्यांस व गाळणींतील जंतूंस मारक. पसरट भांड्यांत पाणी एक-दोन दिवस उघडें ठेवावें, मधून मधून ढवळावें, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास दुकानांत मिळणारें सोडियम थायोसल्फेट, ज्यास छायाचित्रकार हायपो म्हणत, त्याचे थेंब प्रमाणशीर घालावे. समुद्राजवळच्या विहिरी चैत्र-वैशाखांत मचूळ होतात, हेंहि ध्यानांत असावें. श्रावणांतलें पाणी व वैशाखांतलें पाणी एकाच विहिरीचें असलें तरी माशास तीं दोन निराळीं पाणीं आहेत.

दर आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी वक्रनलिकेनें, म्हणजे सायफननें, तळचा गाळ ओढून काढावें व तितकेंच तयार पाणी घालावें. सर्व पाणी एकदम काढून पेटी घासून लख्ख करण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती दिवाळीच्या साफसफाईस शोभते, येथें नव्हे. स्पंज नळाखालीं कधींहि धुवूं नये. काढलेल्या पाण्यांतच पिळावा, नाहीं तर महिनाभर जोपासलेले कामकरी एका मिनिटांत मरतात.

उपकरणांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पेटी लांबट असावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ४० उंच अशा पेटींत ७२ लिटर, म्हणजे ७२ किलो पाणी राहतें. तेव्हां टेबल भक्कम व सपाट पाहिजे, आणि कांचेखालीं थर्मोकोलचा पातळ तक्ता घालावा. खिडकींतल्या उन्हांत ठेविल्यास शेवाळ माजतें. अरुंद तोंडाच्या गोल बरणींत सोनेरी मासा ठेवणें हा मात्र निव्वळ निर्दयपणा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. हवा पाण्यांत शिरते ती पृष्ठभागांतून, आणि बरणी कांठोकांठ भरली कीं तो पृष्ठभाग बशीएवढा उरतो. आरंभास हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी पुरे. पंप पाण्याच्या पातळीहून उंच टांगावा किंवा नळींत एकदिशा झडप बसवावी, कारण वीज गेली कीं पाणी नळींतून उलट पंपांत येतें. पाणी तापविणाऱ्या विजेच्या दांड्याची कोंकणांत क्वचितच गरज पडते. आपल्याकडे भय उन्हाळ्याचें अधिक. २० अंशांस एका लिटर गोड्या पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो. ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. त्यांतून वनस्पति व शेवाळ रात्रीं प्राणवायु देत नाहींत, उलट घेतात. यामुळें पहाटे तो सर्वांत कमी असतो. खारेपाटांतील तळ्यांतले मासेहि गुदमरले तर बहुधा पहाटेसच वर येऊन तोंड उघडतात.

समुद्रच दारीं असतां समुद्राचेच मासे कां ठेवूं नयेत, असें कोणी विचारील. १९५१ सालीं मुंबईच्या किनाऱ्यावर सुरू झालेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनीं पाहिलें, त्यांतील कितीकांस हा मोह झाला असेल! परंतु हें काम कठीण. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटींतलें पाणी उडतें पण क्षार उडत नाहींत, म्हणून रोज गोडें पाणी घालून भर करावी लागते. पावसाळ्यांत धरमतर व रेवदंड्याच्या खाड्यांचें गढूळ पाणी किनाऱ्याशीं मिसळतें, तेव्हां तेथून आणलेलें पाणी ना धड खारें ना गोडें. शिवाय पोंवळीं व समुद्रघोडे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. इंग्लंडांत फिलिप गॉस या धर्मनिष्ठ निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला, तो इतका लोकप्रिय झाला कीं हौशी लोकांनीं किनाऱ्यावरील खडकांतलीं डबकीं ओरबाडून ओसाड केलीं. त्याच्याच मुलानें पुढें १९०७ सालीं ही हकीकत खेदानें लिहून ठेविली आहे. कोर्लईच्या खडकांतलें डबकें ओहोटीच्या वेळीं जागच्या जागीं बसून पाहावें, तेंच बरें. तसेच पेटींतले कंटाळा आलेले मासे नदींत किंवा तळ्यांत सोडूं नयेत. कांच चाटणारा परदेशी सकर मासा उजनीच्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडूं लागला आहे, तो आकाशांतून पडलेला नाहीं.

शेवटीं विजेविषयीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां मुरुड, श्रीवर्धन इकडील अनेक गांवांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगीं ज्याच्या पेटींत मासे थोडे, त्याचेच वांचण्याचा संभव अधिक. वीज गेल्याबरोबर अन्न बंद करावें. मोठे मासे कित्येक दिवस उपाशीं सहज राहतात. तांब्यानें पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हां पेटींत ओतावें, असें तासा-दोन तासांनीं करावें, व पहाटेचा फेरा चुकवूं नये. गाळणी बंद डब्यांतली असेल तर कांहीं तासांत आंतील जंतु गुदमरतात. म्हणून तिचा स्पंज काढून पेटींतच तरंगत ठेवावा. वीज परत आली म्हणजे तो स्पंज पेटींतल्या पाण्यांत पिळून मगच पंप सुरू करावा, दुसऱ्या दिवशीं अमोनिया मोजावा, आणि तो शून्य दिसेपर्यंत रोज थोडें पाणी बदलीत जावें.