दोन कसोट्यांनंतर

भिवंडी

चि. बंडूस,


तुझं पत्र मिळालं. यंदाही निवड यादीत नाव नाही, अकॅडमीवाले पोरांना बोलिंग शिकवायला बोलावतायत, आणि ‘पंचविशीत कोच झालो तर लोक म्हणतील, गडी संपला’ ही तुझी धास्ती. लोकांचं राहू दे. तू पारस म्हांब्रेकडे बघ.

मुंबईचा हा मीडियम पेसर १९९६ च्या जूनमध्ये बर्मिंगहॅमला पहिली कसोटी खेळला. त्याच सामन्यात विक्रम राठोडनंही पदार्पण केलं, आणि त्याच दौऱ्यात राहुल द्रविडनंही. द्रविड कुठल्या कुठे गेला. पारसच्या खात्यात कसोट्या राहिल्या दोन आणि बळीही दोनच. पण प्रथम श्रेणीत त्यानं २८४ गडी बाद केले. चेंडू टाकायचं त्याला येत होतं, दार मात्र पुन्हा उघडलं नाही.

मग तो शिकवायला लागला. लागोपाठ दोन मोसम, २००५-०६ आणि २००६-०७, त्याच्या हाताखालचा बंगाल रणजीच्या अंतिम फेरीत पोचला आणि दोन्ही वेळा हरला. २०२० मध्ये तो एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. तिथंही विश्वचषकाचा अंतिम सामना हातचा गेला. पुढच्याच वर्षी सीनियर संघाची बोलिंग त्याच्याकडे आली. २९ जून २०२४ ला बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या. बुमराहनं अठराव्या षटकात दोन धावा देऊन यान्सनचा त्रिफळा उडवला, अर्शदीपनं एकोणिसाव्यात चारच दिल्या. सात धावांनी आपण जिंकलो, तेव्हा संघासोबत द्रविड, राठोड आणि पारस हे शहाण्णवच्या दौऱ्यातले तिघेही प्रशिक्षक म्हणून होते. त्या दोन षटकांत पारसच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. त्याचं काम आधीच नेटमध्ये करून झालेलं होतं. हे ज्याला सोसतं, त्यानंच कोच व्हावं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हेच. टॉम हाऊस हा पिचर म्हणून बेताचाच, पण पुढे नोलन रायनसारखा दिग्गज त्याच्याकडून धडे घेत होता. २००८ मध्ये आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक्या पोरांना पिचिंग शिकवलं तेही त्यानंच.

तेव्हा काम घे, पण नीट घे. क्लब क्रिकेट सोडू नकोस. अंगात दम आहे तोवर खेळत राहा. सोबत कोचिंगचा कोर्स कर.

पोरांचे चेंडू मोजत जा. अमेरिकेत पोरांच्या बेसबॉलच्या लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि ६५ च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती सक्तीची. आपल्याकडे पोरगं सकाळी शाळेच्या नेटमध्ये टाकतं, दुपारी क्लबमध्ये, संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलनं, आणि तिन्हींची बेरीज कुणीच करत नाही. ती तू कर. खिशात वही ठेव, प्रत्येकाला रोज विचार. पाठ दुखते म्हणालं तर बाप समोर उभा असला तरी त्याला बसव.

डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेव. आपल्या लूमच्या कारखान्यातला मुकादम पाठमोरा चहा पीत असला तरी चाळीस मागांतला एक जरा वेगळा खडखडला की ताडकन वळतो. बोलरचा पुढचा पाय आपटण्याचा आवाज तुला तसा ओळखता आला पाहिजे.

आणि सर्वांत अवघड गोष्ट. तुझी राहिलेली इच्छा कुणा पोराच्या खांद्यावर टाकू नकोस. तुझा आउटस्विंग त्याला येत नसेल, तर त्याचा इनस्विंग धारदार कर. लूमवर रात्रपाळी करणाऱ्या बापाकडून फी घेतोस, तर पोराची कुवत त्याला खरी सांग, गोड बोलून वर्षं लांबवू नकोस.

पगाराचं बोलणं आधीच करून घे. ‘बघू’ म्हणाले तर लेखी माग. पुढच्या शुक्रवारी कारखाना बंद असेल, तेव्हा येऊन जा, कोर्सच्या फीचं बोलू. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा